कापूस एकसारखा, सरकी मात्र वेगळी: बियाणं आणि कलम निवडताना या चुका टाळा

वेचणीच्या हंगामात वावरातली एखादी पऱ्हाटी डोळ्यात भरते. बोंडं टपोरी, कापूस पांढराशुभ्र, किडीचं नाव नाही. तिची सरकी वेगळी काढून पुढच्या मृगाला लावावी असं मनात येणं साहजिक आहे. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात हाच मोह दुसऱ्या रूपात येतो. गोड फळाच्या झाडाची बी रुजवली जाते, नाहीतर पन्हेरीतून, म्हणजे रोपवाटिकेतून, हाताला लागतील ती रोपं उचलली जातात. कपाशीतली चूक चार महिन्यांत समोर येते. संत्र्यातली चूक कळायला पाच-सहा वर्षं जातात, आणि तोवर बगिचा उभा झालेला असतो.

या चुकांचं मूळ एकच आहे. पेशीत साठवलेली माहिती पुढे दोन रीतींनी जाते, आणि आपण त्या दोन्हींत गल्लत करतो. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल काढली तर मूळ उताऱ्यात आहे तेच अक्षरन् अक्षर हातात येतं. वाटणी झाली की मात्र एका भावाच्या वाट्याला विहिरीकडचा तुकडा जातो, दुसऱ्याच्या वाट्याला बरड. झाडातही असंच आहे. काही भाग नकलेने तयार होतात, काही वाटणीने. समोरचं बी किंवा रोप यांतल्या कोणत्या रीतीने आलं, हे आधी विचारायचं.

कपाशीच्या पानातली एक पेशी घेतली तर तिच्या केंद्रकात ५२ गुणसूत्रं असतात, म्हणजे २६ जोड्या. संत्र्यात ९ जोड्या, तुरीत ११, सोयाबीनमध्ये २०. प्रत्येक गुणसूत्र हा डीएनएचा एक लांब धागा असतो आणि त्यावरचा सगळा मजकूर ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. जोडीतलं एक गुणसूत्र मादीकडून आलेलं, दुसरं नराकडून. झाड वाढताना पेशी दुभंगते. त्याआधी हा सगळा मजकूर उतरवून घेतला जातो आणि दोन्ही पेशींना पूर्ण संच मिळतो. ही नक्कल. मुळाच्या टोकापासून शेंड्यापर्यंत तोच मजकूर असतो.

फुलात मात्र परागकण आणि बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं. कोणतं जाईल याला नियम नाही. शिवाय जोडीतले दोन धागे वेगळे होण्याआधी आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणून एकाच झाडाचे दोन परागकण सहसा सारखे नसतात. ही वाटणी. नराची अर्धी आणि मादीची अर्धी वाटणी एकत्र आली की बियातला कोंब तयार होतो.

कापूस बघून सरकी ठेवणं

संकरित कपाशीची सरकी ठेवू नये, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कारण नीट सांगितलं जात नाही, म्हणून पटत नाही. शेतकऱ्याचा प्रश्न रास्त असतो: सगळ्या वावरात कापूस एकसारखा निघाला, धाग्याची लांबी सारखी, मग सरकी वेगळी कशी?

कापसाचा धागा सरकीच्या टरफलावरच्या पेशी लांबून तयार होतो, आणि टरफल हे मायझाडाचंच अंग असतं. त्यात परागकणाचा वाटा नाही. म्हणजे हातातला कापूस ही मायझाडाची नक्कल आहे. पेरलेलं सगळं बियाणं पहिल्या पिढीचं, एकाच जोडीच्या संकरातून आलेलं असतं, त्यामुळे सगळी झाडं सारखी आणि सगळा कापूस सारखा. टरफलाच्या आतला कोंब मात्र वाटणीतून आलेला आहे. ती दुसरी पिढी. एकाच बोंडातल्या दोन सरक्यांचा कापूस तंतोतंत सारखा असू शकतो आणि कोंब पार वेगळे. बाहेरचा कापूस बघून आतल्या कोंबाची परीक्षा होत नाही.

बीटीच्या जनुकावर, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन तयार करणाऱ्या मजकुराच्या तुकड्यावर, हा हिशेब स्पष्ट दिसतो. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तिच्यात क्राय१एसी हे एकच जनुक होतं. २००६ पासून आलेल्या बीजी-२ मध्ये त्याच्या जोडीला क्राय२एबी आलं. संकराच्या दोन पालकांपैकी एकाच पालकाकडून बीटी आलं असेल, तर पहिल्या पिढीच्या झाडात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते आणि समोरच्या गुणसूत्रावर ती जागा मोकळी असते. एका प्रतीवरही झाडाचं काम भागतं. वाटणीच्या वेळी मात्र निम्म्या परागकणांना आणि निम्म्या बीजांडांना ती प्रत मिळतच नाही. एक जनुक धरलं तर दर ४ सरक्यांपैकी ३ मध्ये ते असतं, एकीत नसतं. दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली गेली तर दर १६ सरक्यांमागे ९ मध्ये दोन्ही, ६ मध्ये कोणतंतरी एक, आणि एकीत काहीच नाही. एका बोंडात साधारण ३० सरक्या धरा. त्यातल्या अकराएक अर्धवट संरक्षणाच्या आणि दोनेक पूर्ण उघड्या.

लक्षात घ्या, ही वाटणी पाकिटातल्या विकतच्या बियाण्यापासून उभ्या राहिलेल्या झाडाच्या बोंडातही होतेच. गुलाबी बोंडअळी सरकी खाऊन जगते. एकाच बोंडात तिला कुठे दोन्ही विषं, कुठे एक, कुठे काहीच नाही असं मिळतं. अर्धवट मात्रा पचवून टिकलेल्या अळ्यांची पुढची पिढी तयार व्हायला असं मिश्र बोंड सोयीचं ठरतं. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने जो धुमाकूळ घातला त्यामागे फरदड लांबवणं (हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवणं), हंगामाआधीची पेरणी अशी इतर कारणंही होती. पण सरकीतली ही वाटणी त्या साखळीतली महत्त्वाची कडी आहे. घरची सरकी पेरली की हीच मिसळ अख्ख्या वावरात पसरते, कारण आता झाडाझाडांत फरक पडतो. एक झाड पूर्ण संरक्षित, त्याच्या बाजूचं निम्मं.

आणि बीटी म्हणजे दोनच जनुकं. उंची, बोंडाचा आकार, पक्व होण्याचे दिवस, पानावरची लव, तुडतुड्यांना सहन करण्याची ताकद, हे सगळं दुसऱ्या पिढीत विखुरतं. एक पऱ्हाटी कमरेला, दुसरी खांद्याला. एकीची बोंडं दसऱ्याला फुटतात, दुसरीची डिसेंबरात. फवारणी आणि वेचणी दोन्ही लांबतात, आणि मजुरीचा खर्च तिथेच वाढतो.

घरचंच बियाणं ठेवायचं असेल तर सरळ वाण घ्या. सरळ वाणात जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांवर जवळपास सारखाच मजकूर असतो, म्हणून वाटणी झाली तरी प्रत्येकाच्या वाट्याला तेच येतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी असलेली सरळ वाणंही दिली आहेत. तिथेही शेजारच्या संकरित कपाशीचे पराग मधमाश्या आणतात. त्यामुळे बियाण्यासाठी धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) ओळी सोडून वावराच्या मधल्या भागातली झाडं निवडा.

पट्टीची चाचणी चुकीच्या रीतीने करणं

बिनपावतीचं, सुट्या पाकिटातलं बियाणं पेरून झाल्यावर शंका येते आणि मग बीटी ओळखायची पट्टी शोधली जाते. पट्टी उपयोगी आहे, पण ती काय बघते हे माहीत हवं. ती जनुक बघत नाही, जनुकावरून तयार झालेलं क्राय प्रथिन बघते. नखाएवढा पानाचा तुकडा छोट्या नळीत घ्यायचा, सोबतच्या द्रावणात काडीने चांगला चुरडायचा, पट्टी उभी बुडवायची आणि पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं. सहसा तो ५ ते १० मिनिटांचा असतो. दोन्ही रेषा उमटल्या तर प्रथिन आहे. फक्त वरची नियंत्रण रेषा उमटली तर नाही. एकही रेषा नसेल तर पट्टीच खराब आहे. तिथे ‘बीटी नाही’ असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक. ओलसर जागी ठेवलेली किंवा मुदत संपलेली पट्टी हेच करते.

दुसरी चूक एकच काडी पुसून पुढच्या झाडाला वापरण्याची. आधीच्या पानाचा रस सोबत येतो आणि नसलेलं बीटी दिसायला लागतं. प्रत्येक झाडाला नवी नळी आणि नवी काडी घ्या.

तिसरी चूक सगळ्यांत फसवी. दहा झाडांची पानं एकत्र कुटून एकच पट्टी लावली जाते, पैसे वाचावेत म्हणून. दहांपैकी सातांत प्रथिन असेल तरी पट्टी ‘आहे’ म्हणूनच सांगणार. दुसऱ्या पिढीचं बियाणं पकडायचं असेल तर प्रत्येक झाड वेगळं तपासावं लागतं. किती झाडं? एका जनुकापुरतं बघा: चौथा हिस्सा झाडांत ते नाही असं धरा. १० झाडं तपासली तर १०० पैकी पाच-सहा वेळा योगायोगाने दहाही झाडं बीटीचीच निघतील आणि तुम्ही फसाल. २० झाडं घेतली तर ही शक्यता १,००० पैकी ३ वर येते. म्हणून २०, आणि तीही वेगवेगळ्या ओळींतून. एका कोपऱ्यातली सलग वीस नकोत.

उलट बाजूची चूकही सांगायला हवी. पावतीच्या, नामांकित पाकिटातल्या बियाण्याच्या वावरात दोन-चार झाडं बिगर बीटी निघाली की बियाणं बोगस ठरवलं जातं. हल्ली आश्रयाचं बिगर बीटी बियाणं त्याच पाकिटात मुद्दाम मिसळलेलं असतं. अळीची साधी, प्रतिकार नसलेली वंशावळ शिल्लक राहावी म्हणून ती सोय आहे. तुरळक झाडं बिगर बीटी निघाली तर ती तीच. चौथा हिस्सा निघाली तर गोष्ट वेगळी. तेव्हा कृषी अधिकाऱ्यामार्फत तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या. त्यासाठी पावती, पाकीट, त्यावरचं लेबल आणि पाकिटात उरलेल्या २५-३० सरक्या वेचणी संपेपर्यंत कोरड्या डब्यात जपून ठेवलेल्या असल्या पाहिजेत. पाकीट धुऱ्यावर फेकलं की तक्रारीचा अर्धा जीव गेला.

पानात आहे म्हणून बोंडात असेलच असं धरणं

प्रत्येक पेशीत सगळा मजकूर असतो, पण प्रत्येक पेशी सगळा वाचत नाही. मुळाची पेशी हिरवा रंग तयार करत नाही आणि पानाची पेशी कापूस काढत नाही. बीटीचं जनुकही सगळीकडे सारख्या जोमाने वाचलं जात नाही. क्राय१एसी पानात जास्त तयार होतं, फुलाच्या बीजकोशात आणि बोंडाच्या सालीत कमी, आणि झाड जसं जून होतं तसं घटत जातं. पेरणीनंतर साधारण ११० दिवसांनी ते अळी मारायला अपुरं पडू लागतं.

म्हणून ऑगस्टमध्ये पानाची पट्टी ठळक उमटली हा ऑक्टोबरातल्या बोंडाचा दाखला होत नाही. पात्या (फुलांच्या कळ्या) लागल्यापासून एकरी २ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग सापडले तर उपाय हाती घ्या. आठवड्याला वावरात फिरून २० हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. बाहेरून बोंड साजरं दिसतं, अळीचं छिद्र केव्हाच भरून आलेलं असतं. २० पैकी २ बोंडांत अळी किंवा तिची विष्ठा दिसली तर फवारणीची वेळ झाली.

सोयाबीनला कपाशीचा नियम लावणं

‘घरचं बियाणं नको’ हे वाक्य कपाशीवरून उचलून सोयाबीनला लावलं जातं आणि दरवर्षी महागड्या पिशव्या विकत घेतल्या जातात. सोयाबीनचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागीभवन उरकतं. बाहेरचा पराग क्वचित, शंभरात एखाद्या दाण्यालाही नाही. वाण सरळ आहे, जोडीतली दोन्ही गुणसूत्रं सारखी. वाटणी झाली तरी सगळ्यांना तेच मिळतं. म्हणून प्रमाणित बियाण्यापासून घेतलेलं सोयाबीन तीन वर्षं घरचं वापरता येतं. बियाणे प्रमाणीकरणात दोन वाणांमध्ये सोयाबीनला फक्त ३ मीटर अंतर लागतं, तुरीला १०० मीटर. दोन्ही पिकं एकाच वावरात शेजारी उभी असतात, पण बियाण्याच्या बाबतीत त्यांचा स्वभाव असा वेगळा.

सोयाबीनमध्ये खरी अडचण उगवणीची आहे. दाण्याची साल पातळ आणि कोंब तिच्या लगेच खाली. मळणी यंत्राचा ड्रम मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांच्या वर फिरवला, पोती उंचावरून आपटली किंवा सहा-सातच्या वर थप्पी लावली की कोंब दुखावतो. पेरणीआधी १०० दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि सातव्या दिवशी सुदृढ कोंब मोजा. ७० आले तर एकरी ३० किलो बियाणं. ६० आले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. ६० च्या खाली गेलं तर ते पेरू नका, बाजारात नेहमीच्या मालासारखं विकून टाका.

उगवण आणि शुद्धता या मात्र दोन गोष्टी. शंभरपैकी नव्वद दाणे उगवले तरी त्यात तीन वाणांची मिसळ असू शकते, बहुतेक वेळा मळणी यंत्रात अडकून राहिलेल्या शेजाऱ्याच्या दाण्यांमुळे. ती ओळखायला एक सोपी खूण आहे. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी रोपाच्या बुंध्याकडे, बीजदलांच्या खालच्या दांड्याकडे बघा. जांभळट दांडा असेल तर त्या रोपाला जांभळी फुलं येणार, हिरवा असेल तर पांढरी. दोन्ही गोष्टी एकाच जनुकाच्या हातात आहेत. बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यातली वेगळ्या रंगाची रोपं त्याच वेळी उपटता येतात. राहिलेली फुलोऱ्यात काढा, आणि शेवटची फेरी शेंगा पिवळ्या पडताना, शेंगेवरची लव बघून.

तुरीला मधमाश्या येतात आणि परक्या परागाचं प्रमाण चौथ्या हिश्श्यापर्यंत, कधी त्याच्याही वर जातं. सोयाबीनच्या पट्ट्यात मधे लावलेल्या तुरीचं बी वर्षानुवर्षं घरचंच ठेवलं की वाण हळूहळू पातळ होतं, मर रोगापुढे टिकण्याची ताकदही त्यात जाते. तुरीचं बियाणं दोन-तीन वर्षांनी बदलणं बरं.

संत्र्याचं झाड ‘पलटलं’ असं म्हणणं

बगिच्यातल्या एखाद्या झाडाला अचानक खडबडीत सालीची आंबट फळं लागतात आणि ‘संत्र्याची जंबेरी झाली’ असं बोललं जातं. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं आंबट लिंबू. कोणी शेजारच्या लिंबाच्या परागाला दोष देतं, कोणी खताला.

पराग निर्दोष आहे. संत्र्याची साल आणि फोडी हे मायझाडाचं अंग, नक्कल. परका पराग आला तर फळात बिया वाढू शकतात, चव बदलत नाही. मक्याचं वेगळं आहे. तिथे आपण खातो तो दाण्यातला पिठूळ भाग परागाचा वाटा घेऊनच तयार होतो, म्हणून गोड मक्याजवळ साधा मका लावला तर दाणा बदलतो. मक्यावरून संत्र्याचा अंदाज बांधू नये.

खरं कारण बुंध्याजवळ असतं. कलमाचं झाड म्हणजे दोन मजकुरांचं झाड. जोडाच्या वर नागपुरी संत्रा, खाली जंबेरी किंवा रंगपूर लाइमचा खुंट. दोघांच्या साली एकजीव होतात, पाणी-अन्न इकडून तिकडे जातं, काही आरएनएचे (डीएनएसारखाच मजकूर वाहणाऱ्या रेणूचे) निरोपही रसवाहिन्यांतून जातात. पण जोडाच्या वरच्या पेशी संत्र्याच्याच राहतात आणि खालच्या खुंटाच्याच. खुंटावर फुटवा आला आणि तो वेळेत काढला नाही तर जंबेरी जोमाने वाढते, संत्र्याची फांदी दबते, मरते. लोकांना वाटतं झाड पलटलं. प्रत्यक्षात खालच्या झाडाने वरच्याला मारलेलं असतं. पहिली तीन वर्षं दर महिन्याला जोडाखाली हात फिरवा. कोवळा फुटवा अंगठ्याने मुळातून मोडा, कात्रीने कापला तर खालच्या डोळ्यातून दोन येतात. शंका आली तर पान चुरगाळून वास घ्या, जंबेरीचा लिंबासारखा उग्र वास लगेच कळतो. जोड जमिनीपासून २५ ते ३० सेंटीमीटर वर असलेलीच कलमं घ्या आणि लावताना तो मातीत दाबू नका. जोड मातीत गेला की संत्र्याच्या खोडाला थेट डिंक्या, म्हणजे डिंक गळण्याचा रोग, लागतो.

खुंटाची रोपं बियांपासून करतात, आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडते. वाटणीतून आलेल्या बियांपासून सगळे खुंट सारखे कसे मिळतील, असा प्रश्न पडायला हवा. लिंबूवर्गात बीजांडाभोवतीच्या मायझाडाच्या पेशींपासूनही कोंब तयार होतात. जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपं उगवतात ती यामुळे. त्यातली बहुतेक मायझाडाची हुबेहूब नक्कल, आणि एखादं वाटणीचं. वाटणीचं रोप बहुधा बुटकं, पानाच्या आकारात वेगळं, वाढीत मागे. चूक अशी होते की दाट वाफ्यातली सगळीच रोपं वाचवली जातात. पन्हेरीवाल्याला संख्या हवी, घेणाऱ्याला भाव कमी हवा. मग कमजोर खुंटावर बांधलेलं कलमही पन्हेरीत सारखंच हिरवं दिसतं, आणि बगिच्यात दहा वर्षं त्या एका झाडाला काय झालं हे कोणाला सांगता येत नाही. प्राथमिक वाफ्यातून दुय्यम वाफ्यात नेताना २० ते ३० टक्के रोपं बाद करावीच लागतात. सगळ्यांत लहान, मुळी वाकडी असलेली, आणि पान किंवा काटे वेगळे दिसणारी. पन्हेरीत गेलात तर खुंटाचं नाव विचारा, आणि किती रोपं बाद केली तेही विचारा. ‘एकही नाही’ हे उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. बी ताज्या फळातलं हवं. लिंबूवर्गाचं बी पार वाळलं की मरतं, म्हणून ते सावलीत नुसतं वरवर सुकवून चार-आठ दिवसांत पेरायचं असतं.

नागपुरी संत्र्याच्या बियांतही मायझाडाच्या नकला असतात. मग बीपासूनच बगिचा का करू नये? मजकूर तोच असला तरी रोपाचं वय नवं असतं. बीपासूनचं झाड काटेरी, उंच वाढतं आणि फळावर यायला सात-आठ वर्षं किंवा जास्त घेतं. फळावर असलेल्या झाडाचा डोळा (फांदीवरचा सुप्त अंकुर) खुंटावर बांधला तर कलम चार-पाच वर्षांत फळतं. तोच डीएनए, पण डोळ्यातल्या पेशींनी ‘झाड वयात आलं’ ही नोंद उघडी ठेवलेली असते. याच कारणाने पाणसोटावरचे, म्हणजे फळ न देता सरळसोट वाढणाऱ्या फुटव्यावरचे, डोळे घेणं ही चूक आहे. पाणसोट सरळ, रसरशीत, डोळे मोठे, बांधायला सोपे, म्हणून मोह होतो. डोळे घ्यावेत ते फळं देणाऱ्या, साधारण पेन्सिलएवढ्या जाड, गोलाई आलेल्या पक्व काडीवरचे.

नकलेतही कधी फेरफार पडतो. वाढत्या शेंड्यातल्या एखाद्या पेशीत अक्षर बदललं तर त्या पेशीपासून आलेली एकच फांदी वेगळी फळते: कमी बियांची, कधी उशिरा पिकणारी, कधी नुसती निकृष्ट. म्हणून ‘मातृवृक्ष चांगला आहे’ एवढ्यावर थांबू नका, ज्या फांदीची काडी घेता त्या फांदीची फळं स्वतः दोन बहार बघा.

डोळ्यासोबत रोगाचा मजकूर घेणं

डोळा घेताना आपण संत्र्याचा मजकूर घेतो, आणि त्यात घुसलेला परका मजकूरही घेतो. ट्रिस्टेझा हा आरएनएचा विषाणू, सुमारे १९,००० अक्षरांचा. पेशी-पेशींमधल्या बारीक वाटांनी आणि रसवाहिन्यांतून तो झाडभर फिरतो, माव्यामार्फत शेजारी जातो, आणि डोळ्यासोबत शंभर कलमांत पोचतो. ग्रीनिंग या रोगाचा जिवाणू सिट्रस सिला या रस शोषणाऱ्या किडीमार्फत आणि डोळ्यातून तसाच पसरतो. झाड दिसायला बरं असलं तरी आत रोग असू शकतो. विषाणू शेंड्याच्या अगदी टोकाच्या वाढत्या पेशींत सहसा पोचत नाही, म्हणून प्रयोगशाळेत ०.२ ते ०.३ मिलिमीटरचं शेंड्याचं टोक कापून काचनळीतल्या रोपावर बसवतात आणि त्यातून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत हे काम होतं. तिथल्या किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपांसाठी आधी नोंदणी करावी लागते. बगिचा दोन-तीन दशकांचा असतो, एक हंगाम थांबणं परवडतं.

जिवाणूंची आणखी एक रीत आहे. ते शेजारच्या जिवाणूला डीएनएचं छोटं कडं थेट देऊ शकतात, पिढीची वाट न पाहता. कागदी लिंबावरच्या खैऱ्यासाठी (खरबरीत ठिपके पाडणाऱ्या जिवाणूच्या रोगासाठी) एकच प्रतिजैविक दर पंधरा दिवसांनी फवारत राहिलं तर त्याला न जुमानणारं जनुक असं हातोहात पसरू शकतं. रोगट काड्या पावसाळ्याआधी छाटून जाळा, मग ताम्रयुक्त औषध, आणि प्रतिजैविक नेहमीचं करू नका.

सगळ्यांत लहान मजकूर एक्झोकॉर्टिस या रोगाच्या विरॉइडचा, म्हणजे विषाणूहूनही लहान रोगकारकाचा. नुसतं आरएनएचं कडं, ३७१ च्या आसपास अक्षरं, भोवती प्रथिनाचं कवचही नाही. रंगपूर लाइमच्या खुंटाची साल तो फाडतो, झाड खुजं ठेवतो, जंबेरीवर मात्र लपून राहतो. म्हणून जंबेरीवरच्या निरोगी दिसणाऱ्या बगिच्यातून आणलेला डोळा रंगपूरवर बांधला की रोग उघडा पडतो. तो कलम बांधायच्या चाकूवरून एका झाडातून दुसऱ्यात जातो. चाकू ज्योतीवर धरला किंवा स्पिरिटने पुसला तरी तो मरेलच असं नाही. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं ताजं पाणी डब्यात ठेवा. एका मातृवृक्षाच्या काड्या संपल्या की चाकू आणि कात्री त्यात बुडवा, चांगल्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, आणि मगच पुढच्या झाडाला हात लावा. द्रावण रोज नवं करा. संध्याकाळी पात्याला तेलाचा हात द्या, नाहीतर चार दिवसांत गंज चढतो आणि कापलेली साल फाटते.